शेवट सुचेपर्यंत

“पात्र म्हणजे काय?” मी विचारलं.

“बाई, ज्यात पाणी भरतात ते,” दशरथ मागून म्हणाला आणि सगळा वर्ग खिदळला.

मलाही हसू आलं. फळ्यावर मी ‘कथेचे घटक’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. खाली पात्र, स्थळ, संघर्ष, उत्कर्षबिंदू, शेवट. ‘निवेदक’ हा शब्द राहिला होता. तो लिहायला खडू टेकवला आणि बाहेर कुत्रं केकाटलं. एकदाच. तो आवाज मध्येच तुटला. पाठोपाठ व्हरांड्याच्या टोकाला पत्र्याचं दार धाडकन वाजलं.

अनुजा खिडकीपाशी बसायची. ती उठली नाही, ओरडली नाही. माझ्याकडे मान वळवून अगदी हळू म्हणाली, “बाई, वाघ.”

जुन्नरकडे बिबट्याला वाघच म्हणतात. मी साताऱ्याकडची. या शाळेत रुजू होऊन मला जेमतेम सात महिने झाले होते, आणि वाघाच्या गोष्टी मी शिक्षकांच्या मीटिंगमध्ये चहाबरोबर ऐकलेल्या. खिडकीशी गेले. जाळीतून व्हरांडा दिसत होता. त्याच्या टोकाला, जळणाच्या लाकडांच्या आडोशाला तो बसला होता. पुढ्यात शाळेतलं नेहमीचं तांबडं कुत्रं पडलं होतं. तो ते खात नव्हता. मान वर करून रस्त्याकडे बघत होता, आणि त्याची बरगडी भराभर वरखाली होत होती.

त्या जानेवारीत ऊसतोड आमच्या शाळेपर्यंत आली होती. शाळेच्या तिन्ही बाजूंचा ऊस आठवड्यात उतरला होता, नुसती पाचट आणि उघडं रान. उभा ऊस राहिला होता तो फक्त रस्त्यापलीकडे.

मी वर्गाचं दार लोटलं, कडी घातली. ती दोनदा निसटली, तिसऱ्यांदा बसली.

शाळा गावापासून दीड किलोमीटरवर, दोन खोल्यांची. पहिली ते पाचवीच्या मुलांना घेऊन गुंजाळ सर सकाळीच आरोग्य तपासणीसाठी गावात गेले होते. शाळेत मी आणि सहावी-सातवी मिळून तेवीस मुलं. वर्गात बावीस होती.

हिरा मेंगाळ बाहेर होती.

व्हरांड्याच्या टोकाला, जळणाला लागून खिचडी शिजवायची खोली होती; शिजवणाऱ्या बाई अजून यायच्या होत्या. मघाशी दार वाजलं ते तिथलं. म्हणजे हिरा आत शिरली होती. पण त्या दाराला आतून कडीच नव्हती, बाहेरून कुलूप घालायची तेवढी होती. पत्र्याचं हलकं दार, वाऱ्यानेही उघडायचं. आणि त्या दारापासून दोन हातांवर तो बसला होता.

मोबाइलची रेंज फक्त महाराष्ट्राच्या नकाशाखालच्या कोपऱ्यात यायची. तिथे भिंतीला चिकटून मी सरांना फोन लावला.

“सर, शाळेत बिबट्या आला आहे. व्हरांड्यात. हिरा खिचडीच्या खोलीत एकटी आहे.”

“काय बोलताय बाई!” एवढंच ते म्हणाले आणि फोन कापला गेला. मागून एखाद्या लहान मुलाला सुई टोचल्याचं रडणं तेवढं ऐकू आलं.

पाच मिनिटांत अनोळखी नंबरावरून फोन आला. “मी वनरक्षक शेळकंदे. निघालोय, गाडीवर आहे. किती मुलं?”

मी सांगितलं. हिराचंही सांगितलं.

“तिला हाक मारू नका,” तो लगेच म्हणाला.

“ती घाबरली असेल हो.”

“म्हणूनच सांगतोय. नाव घेतलंत तर ती ओ देईल. नाहीतर दार उघडून तुमच्याकडं पळत येईल. पोरं तसंच करतात. तुम्ही काय करत होता आत्ता?”

“शिकवत होते.”

“मग तेच करा. ओरडायचं नाही, कुजबुजायचं पण नाही. रोजचा आवाज आला पाहिजे. त्याला जायचंच असतं हो, बाई. वाट मोकळी दिसली की जातो. फक्त त्याला कोंडल्यासारखं वाटायला नको.”

फोन ठेवून मी वळले. बावीस चेहरे माझ्याकडे लागलेले. सहावीतली दोन-तीन जणं एकमेकांच्या अंगावर रेलून बसली होती. कुणी रडत नव्हतं, पण सगळी माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मी काय करेन त्यावर ती काय करतील हे ठरणार होतं.

त्या खोलीची आणि आमच्या वर्गाची भिंत एकच होती. ती पत्र्यापर्यंत पोचलेली नव्हती. वर हातभर फट होती, रोज अकराच्या सुमारास तिथून फोडणीचा वास वर्गात यायचा आणि मग शिकवणं अवघड व्हायचं. वास येतो तर आवाजही जात असणार.

“दशरथने पाण्याचं पात्र सांगितलं,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. “ते बरोबरच आहे. पण गोष्टीतलं पात्र म्हणजे गोष्टीतलं माणूस. आता आपण सगळ्यांनी मिळून एक गोष्ट रचायची. पात्र कोण घेऊ या?”

“एक मुलगी,” अनुजा म्हणाली.

“छान. मुलगी.”

“तिचं नाव हि...” दशरथने तोंड उघडलं. अनुजाने त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की तो तोंड दाबून गप्प झाला.

“तिला नाव नको,” मी म्हणाले. “नाव नसलं तरी चालतं. आता स्थळ. मुलगी कुठे आहे?”

“खोलीत.” “अंधाऱ्या खोलीत.” “तांदळाची पोती आहेत तिथं.” आता त्यांना समजलं होतं. एकेकाचं समजणं मला डोळ्यांत दिसत होतं.

“आणि संघर्ष म्हणजे काय? पात्राला काहीतरी हवं असतं आणि मध्ये काहीतरी आडवं येतं. या मुलीला बाहेर यायचंय. पण बाहेर यायचं नाही. कितीही वाटलं तरी दार उघडायचं नाही. दाराला कडी नाही. मग ती काय करेल?”

“पोती ओढून दाराला लावंल,” सहावीतला एक जण म्हणाला.

“ओढली तर खरखर वाजतील,” दशरथ म्हणाला. त्याचा आवाज आता गंभीर झाला होता. “तिनं खाली बसावं. दाराला पाठ लावून. आन पाय म्होरच्या पोत्याला रेटायचे. आमच्या गोठ्याचं दार मी असंच धरतो, वासरू ढुशी मारतं तवा.”

“ऐकलंत ना?” मी जरा भिंतीच्या दिशेने सरकले. “मुलगी खाली बसते. दाराला पाठ लावते. समोरच्या पोत्याला पाय रेटते. आवाज करत नाही. रडू आलं तर ओढणी तोंडात धरते. तिला माहीत आहे की भिंतीपलीकडे माणसं आहेत आणि ती तिला सोडून कुठेही जाणार नाहीत.”

एवढं बोलून मी थांबले. पलीकडून काहीच आवाज नाही. ती ऐकत होती की भीतीने तिची शुद्धच हरपली होती, काही कळायला मार्ग नव्हता.

मग वरच्या फटीतून काहीतरी पांढरं उडालं आणि सहावीच्या मुलांच्या डोक्यांवर भुरभुरलं.

तांदूळ होता. मूठभर तांदूळ.

अनुजाने ओंजळीने तोंड झाकून घेतलं.

खिडकीतून बघितलं. त्याने मान आमच्याकडे वळवली होती. पिवळे डोळे. क्षणभर मला वाटलं, तो जाळीतून माझ्याकडेच बघतोय. मग त्याने पुन्हा रस्त्याकडे तोंड केलं.

“गोष्ट पुढे न्या,” मी म्हणाले.

त्या अर्ध्या तासात आम्ही काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. मुलीला तहान लागली असेल असं कुणीतरी म्हणालं, तिथं पाण्याची कळशी आहे असं दुसऱ्याने सांगितलं. मुलीला शंभरपासून उलटे अंक म्हणायला लावावेत, म्हणजे वेळ जाईल, असं एकीने सुचवलं. मी प्रत्येक सूचना भिंतीकडे तोंड करून, धडा सांगावा तशी सांगत होते. मध्येमध्ये फळ्याकडे बोट दाखवत होते. पाठीवरून घामाचा ओघळ चालला होता आणि जानेवारीतली सकाळ होती.

मग रस्त्यावरून आवाज यायला लागला.

आधी मोटरसायकली. मग माणसं. गावात बातमी पोचली होती आणि गाव निघालं होतं. कुणी शिट्ट्या मारत होतं, कुणी डबा बडवत होतं. शंभरेक माणूस असेल, रस्त्यावर भिंतीसारखं उभं राहिलं. त्यांच्या मागे उभा ऊस. त्याला जायचं होतं नेमकं तिथेच.

तो उठला. शेपटी आपटत व्हरांड्यात दोन पावलं पुढे आला, दोन मागे गेला. कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. तो दचकून वळला आणि अंधार शोधत सरळ खिचडीच्या खोलीच्या दाराला भिडला.

पत्रा वाजला.

सहावीतल्या एका पोराने हंबरडा फोडला. शेजारच्याने त्याचं डोकं छातीशी दाबून धरलं. कुणाची तरी चड्डी ओली झाली होती, फरशीवरून ओघळ आला. मी भिंतीला तळवे टेकवून उभी राहिले.

“आता गोष्टीतला सगळ्यात अवघड भाग येतो,” मी म्हणाले. “याला उत्कर्षबिंदू म्हणतात. मुलगी दार सोडत नाही. दार हललं तरी सोडत नाही. पाय रेटून धरते. तिच्या पायांत खूप ताकद आहे. ती रोज चार किलोमीटर चालत शाळेत येते.”

पत्रा पुन्हा वाजला. या वेळी जास्त जोरात, आणि मागून नखांचा कर्र असा आवाज. पलीकडे हिराच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. हुंदका नव्हे, कळशी उचलताना बायका करतात तसला.

“दार धरून ठेवते,” मी म्हणाले. “धरून ठेवते. धरून ठेवते.”

माझ्याबरोबर मुलंही म्हणायला लागली. ओरडून नाही, पाढे म्हणतात तशी, एका लयीत. धरून ठेवते, धरून ठेवते.

बाहेर कुणीतरी गर्दीवर प्रचंड ओरडत होतं. तो शेळकंदे होता हे मला नंतर कळलं. गाडी आडवी घालून, शिव्या देत, काठीने ढकलत त्याने माणसं रस्त्यावरून मागे हटवली. डबा थांबला. शिट्ट्या थांबल्या. हळूहळू इतकं शांत झालं की आमचं म्हणणं आम्हालाच मोठं वाटायला लागलं आणि आम्हीही थांबलो.

आमच्या दाराखाली बोटभर फट होती. त्यातून उन्हाची एक पट्टी आत यायची. त्या पट्टीवरून सावली सरकली. आधी दोन पाय, मग दोन पाय. कुणी श्वास घेत नव्हतं. सावली गेली आणि पट्टी पुन्हा उजळ झाली.

“गेला!” बाहेरून आवाज आला. “उसात गेला!”

मी कडी काढली आणि धावले. दारावर चार लांब ओरखडे पडले होते. “हिरा, उघड. मी आहे.” आता नाव घ्यायला हरकत नव्हती. तरी दार उघडेना. “पाय काढ बाळा. पोत्यावरचे पाय काढ.” मग दार सैल झालं, मी ते ढकलून आत शिरले आणि ती बसल्या जागीच माझ्या पायांवर कोसळली. बारा वर्षांची मुलगी. पत्र्याच्या कडेने दोन्ही तळवे कापले होते. केसांत, कपाळावर तांदूळ चिकटले होते.

मी तिला उचलून घेतलं. लोकांनी आम्हाला गराडा घातला. कुणी माझ्या पाया पडलं. गुंजाळ सर लहान मुलासारखे रडत होते.

तासाभराने वनखात्याचे साहेब आले. व्हरांड्यातच खुर्ची टाकून पंचनामा लिहायला बसले. हिराच्या हातांना पट्ट्या बांधल्या होत्या. तिची आई भीमाबाई कुणाच्या तरी शेतावर होती, तिला निरोप गेला होता. साहेब मवाळ माणूस होता. त्याने हिराला जवळ बोलावलं.

“बाळ, वर्ग चालू होता ना? मग तू बाहेर कशी काय होतीस?”

त्या दिवशी मला दोनदा भीती वाटली. पहिली तुम्हाला सांगितली.

दुसरी ही. बावीस मुलं व्हरांड्याच्या कडेला बसली होती. सगळ्यांनी माना खाली घातल्या. हिराने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. मी बोलायला हवं होतं. एकच वाक्य होतं, अगदी साधं. ते मी बोलले नाही.

“लघवीला गेलते,” हिरा म्हणाली.

साहेबांनी तसं लिहून घेतलं.

सव्वीस जानेवारीला गावाने माझा सत्कार केला. शाल, नारळ. वर्तमानपत्राचा माणूस येऊन फोटो काढून गेला. गोष्ट सांगून मुलीचा जीव वाचवणाऱ्या बाई. सरपंचांनी भाषणात मला वाघीण म्हटलं. मी स्टेजवर बसले होते. समोर सतरंजीवर मुलांमध्ये हिरा होती, आणि बाकीच्यांबरोबर तीही टाळ्या वाजवत होती, पट्ट्या बांधलेल्या हातांनी, आवाज न होणाऱ्या.

आता खरं सांगते. हिराला मी बाहेर काढलं होतं.

आदल्या दिवशी मी मुलांना स्वतःची एक गोष्ट लिहून आणायला सांगितली होती. त्या सकाळी हिराने तिची वाचली. पाचच ओळी होत्या. आमची शेळी होती. ती शाळेच्या मागच्या उसात गेली. परवा ऊस तोडला. शेळी नव्हती, नुसतं रगत होतं. मग काय झालं ते मला माहीत नाही.

वर्ग हसला. मी म्हणाले, “याला गोष्ट म्हणत नाहीत. शेवट कुठे आहे?”

“पर बाई, खरंच म्हाईत न्हाई,” ती म्हणाली. “त्यो कुठं गेला, कुणालाच म्हाईत न्हाई.”

मला ते उलट उत्तर वाटलं. ठाकरवाडीतली आदिवासी मुलगी, नेहमी गप्प बसणारी, आणि आज सगळ्यांपुढे मला उत्तर देते. “शेवट सुचेपर्यंत बाहेर उभी राहा,” मी म्हणाले. ती गेली. मी फळ्याकडे वळले आणि घटक लिहायला घेतले.

तिने मला सांगितलं होतं की शाळेच्या मागे जनावर आहे. बारा वर्षांच्या मुलीला जेवढं स्पष्ट सांगता येतं तेवढं सांगितलं होतं. मी त्यात पात्र शोधत होते, शेवट शोधत होते. मी तिला ऐकलंच नव्हतं.

महिनाभर मला झोप लागली नाही. डोळा लागला की पत्र्याचा आवाज यायचा. अखेर एका रविवारी मी ठाकरवाडीत गेले. चार किलोमीटर, शेवटचा चढ. भीमाबाई झोपडीपुढे बसून घायपाताच्या दोऱ्या वळत होती. मला बघून लगबगीने उठली, पोतं झटकून टाकलं. “बसा बाई.” हिरा पाण्याला गेली होती.

मी बसले नाही. उभ्याउभ्याच सांगितलं. बसले असते तर सांगता आलं नसतं. सगळं सांगितलं. शेळी, शेवट, बाहेर उभं करणं, पंचनाम्याच्या वेळी गप्प बसणं. सांगताना मी तिच्याकडे बघत नव्हते, दोरीकडे बघत होते.

तोवर भीमाबाई पुन्हा बसून दोरी वळायला लागली होती.

“आमाला ठावं हाय,” ती म्हणाली.

“कधीपासून?”

“त्याच सांजंला. पोरीनं सांगितलं. समद्या वाडीला ठावं हाय, बाई. गावालाबी असंल. पोरं काय गप बसत्यात व्हय घरी?”

“मग तुम्ही काही बोलला का नाहीत? साहेबांना, सरांना... मला सुद्धा?”

तिने दोरीला गाठ मारली. माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. रागाने नाही. राग असता तर मला सोसलं असतं.

“तुमच्या आदी दोन वरसं सातवीला मास्तरच नव्हता. पोरं शाळंत जायची अन् खिचडी खाऊन परत यायची. आमी बोललो असतो, तुमाला हलवलं असतं. मग कोण येणार हितं?” ती थांबली. “हिराच म्हनली, आये, काय बोलू नको. बाई चांगलं शिकिवत्यात.”

मला खाली बसावंच लागलं. तिने टाकलेल्या पोत्यावर बसले. भीमाबाईने आतून तांब्याभर पाणी आणून माझ्यापुढे ठेवलं. मी ते प्यायले नाही, नुसतं हातात धरून राहिले.

उतारावरून हिरा वर येताना दिसली, डोक्यावर दोन हंडे. मला बघून ती थबकली. मग नजर खाली करून तशीच चालत राहिली.

“उंद्या धाडते तिला शाळंत,” भीमाबाई म्हणाली. “चुकली तर मारा बी. आत उभी करा वाटल्यास, पार दिवसभर.” तिने लेकीच्या डोक्यावरचा वरचा हंडा उतरवून घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “पर बाहीर नका काढू, बाई.”